जखमी अवस्था (टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम)

जखमी अवस्था : टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममधील (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन फाशांनी खेळायचा खेळ) लढाईत पात्राला झालेली इजा नुसत्या आकड्याने न मोजता तिला नाव आणि नियम देण्याची पद्धत. ‘बेशुद्ध’, ‘मरणासन्न’, ‘रक्तस्राव चालू’, ‘उजवा हात निकामी’ अशी नोंद पात्राच्या कागदावर पेन्सिलीने होते. ती खोडली जाईपर्यंत त्या पात्राला काय करता येईल आणि काय नाही, हे त्या नोंदीवर ठरते. खेळाडूंच्या बोलण्यात याला ‘कंडिशन’ म्हणतात.

या पद्धतीचे मूळ हिट पॉइंटच्या, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते हे सांगणाऱ्या आकड्याच्या, अपुरेपणात आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन यांचा ब्लॅकमूर हा खेळ चाले. सुरुवातीच्या युद्धखेळी नियमांत एका घावात सैनिक मरे. पण खेळाडूंचा आपापल्या पात्रावर जीव जडला आणि ते पात्र एका फाशात गमावणे त्यांना सहन होईना. आर्नेसन यांनी मग जहाजांच्या लढाईच्या नियमांतली कल्पना उचलली : जहाज बुडण्यापूर्वी किती मारा सोसते, तसेच माणसाचे मोजायचे. 1974 मध्ये आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून हिट पॉइंट सर्वत्र पोहोचले. अडचण अशी की 60 पैकी 1 पॉइंट उरलेला योद्धाही पहिल्या फेरीइतक्याच जोमाने तलवार चालवतो. गायगॅक्स यांनी 1979 च्या गेम मास्टरसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकात खुलासा केला, की हे पॉइंट म्हणजे फक्त रक्तमांस नाही. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा हे सगळे आले. खुलासा पटण्यासारखा आहे. पण मग खरी जखम कधी होते, हा प्रश्न उरतोच.

1978 च्या ‘रूनक्वेस्ट’ने या प्रश्नाला थेट उत्तर दिले. तिच्या मुख्य रचनाकारांपैकी स्टीव्ह पेरिन हे मध्ययुगीन पद्धतीच्या लुटुपुटूच्या लढाया प्रत्यक्ष खेळणाऱ्या मंडळींतले होते, आणि ते नियमांत दिसते. शरीराचे सात भाग, प्रत्येकाचे वेगळे पॉइंट. घाव बसला की वीस बाजूंचा फासा टाकायचा; 19 किंवा 20 आला तर घाव डोक्यावर. पायाचे पॉइंट संपले की पात्र कोसळते, हात गेला की ढाल गळून पडते. ‘रोलमास्टर’ने त्याही पुढे जाऊन पानेच्या पाने भरतील असे कोष्टक दिले : कोणत्या शस्त्राने, किती गंभीर घाव, त्यातून दर फेरीला किती रक्त जाणार, किती फेऱ्या भोवळ राहणार. कोष्टकातली ओळ मोठ्याने वाचली जाते तेव्हा त्या जखमेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते; हे कोणत्याही वजाबाकीला जमत नाही.

याची किंमतही आहे. जखमी पात्राचे फासे कमजोर झाले की त्याचे वार चुकतात, शत्रू टिकून राहतो, पुन्हा घाव बसतो, फासे आणखी कमजोर होतात. याला ‘डेथ स्पायरल’ म्हणतात. पहिला घाव खाणारा बहुतेक वेळा हरतो आणि ते सगळ्यांना तिसऱ्या फेरीतच कळलेले असते. पुढची लढाई मग नुसती उरकायची राहते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने म्हणूनच जखमांचे नियम शून्याच्या आसपास ठेवले. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत शून्याखाली गेलेले पात्र दर फेरीला एक पॉइंट गमावत असे आणि उणे 10 वर मरत असे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत निम्मे पॉइंट गेले की ‘ब्लडीड’ (रक्तबंबाळ) ही अवस्था आली. तिने स्वतः काही तोटा होत नसे, पण तिच्यावर इतर गोष्टी सुरू होत : घायाळ ड्रॅगन त्याच क्षणी पुन्हा आग ओकत असे. 2024 च्या नियमांत ही अवस्था परतली, ते योग्यच झाले.

2014 च्या पाचव्या आवृत्तीतली ‘डेथ सेव्ह’ सर्वांत परिचित. शून्यावर आलेले पात्र बेशुद्ध पडते. त्या खेळाडूची पाळी आली की एकच काम : डी20 (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. 10 किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशांनी पात्र स्थिरावते, तीन अपयशांनी मरते. 20 आला तर एक पॉइंट घेऊन शुद्धीवर, 1 आला तर दोन अपयशे एकदम. दोन अपयशांवर खूण झालेली असताना फासा टाकणाऱ्याकडे पाहावे. भाला कुठे घुसला हे कोणी सांगितलेले नसते, तरी जखम टेबलावर असते.

मात्र या नियमाला एक मोठे छिद्र आहे. पुरोहिताने लांबून एक मंत्र म्हटला, दोन-चार पॉइंट दिले, की पडलेला उठतो आणि आधीची सगळी अपयशे पुसली जातात. तो पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. मरणाची भीतीच राहत नाही.

2019 च्या ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने हे छिद्र बुजवले आणि या लेखकाच्या मते आजवरचा सर्वांत समंजस तोडगा तोच आहे. त्यात ‘डाइंग’ (मरणासन्न) या अवस्थेला आकडा असतो. 4 झाला की मृत्यू. वाचलेल्या पात्राला ‘वुंडेड 1’ (जखमी 1) मिळते आणि पुढच्या वेळी पडताना तो आकडा ‘डाइंग’मध्ये मिळवला जातो. पहिल्यांदा पडले तर 1, दुसऱ्यांदा 2, तिसऱ्यांदा 3. चौथ्यांदा पडले की फासा टाकायची संधीच नाही. जबर क्रिटिकल घावाने पडले तर सुरुवातच 2 पासून, म्हणजे तिसऱ्यांदाच खेळ संपतो. उभ्या असलेल्या ‘वुंडेड’ पात्राचे फासे जराही कमजोर होत नाहीत. ते पूर्ण ताकदीने लढते, फक्त पुढे जावे की मागे सरकावे, हा विचार आता खेळाडूला दर पाळीला करावा लागतो.

‘वुंडेड’ची नोंद मंत्राने मिळालेल्या चार पॉइंटांनी जात नाही. सहसा कोणीतरी उपचाराची पेटी उघडून शेजारी बसावे लागते. खेळातली दहा मिनिटे जातात, वैद्यकीचा फासा टाकला जातो, बाकीचे दारावर पहारा देतात. फासा लागला, किंवा पॉइंट पूर्ण भरून दहा मिनिटे विश्रांती मिळाली, तरच कागदावरची ती ओळ खोडायची.