धुराडे (घरगुती चूल व शेगडी)

चूल, पाण्याचा बंब किंवा लोखंडी शेगडी यांचा धूर घराबाहेर नेणारा उभा मार्ग. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कित्येक जुन्या कौलारू घरांत वेगळे धुराडे नसे. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. धुरावर माळ्यावरचे जळण सुके राही, वाशांना कीड कमी लागे. कौले उतरवून स्लॅब घातला, चूल मात्र तशीच राहिली, की तोच धूर घरात कोंडतो. नवे घर बांधताना धुराड्याचा विचार आधी व्हायला हवा तो यासाठीच.

गरम धूर हलका असल्याने वर चढतो आणि चुलीतून हवा ओढून घेतो. धुराड्याचा नळ जितका उंच आणि आतून गरम असेल तितकी ओढ चांगली. म्हणून तो सरळ असावा. आडवा भाग टळत नसेल तर मीटरला किमान २ सेंमी चढता. छपरातून बाहेर पडल्यावर तो निदान ९० सेंमी वर जावा आणि ३ मीटरच्या टापूतल्या आढ्याहून ६० सेंमी उंच असावा. आढ्याच्या आडोशाला तोंड राहिले तर वारा धूर उलटा घरात ढकलतो. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या मुसळधार पावसात नळावर टोपी हवीच. साध्या लोखंडी शेगडीपासून लाकूडकाम ९० सेंमी आणि एकपदरी (एकाच पत्र्याच्या) नळापासून ४५ सेंमी दूर ठेवतात. वाशांमधून असा उघडा नळ कधीच नेऊ नये.

ओल्या जळणाने नळात काजळी आणि डांबरासारखा चिकट थर साचतो, तो पेटला तर छप्परही पेटते. वर्षातून एकदा तरी नळ झाडावा.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘अस्त्र’ गटाने धुराडे असलेली सुधारित चूल तयार केली; तिचे नाव ‘अस्त्र ओले’. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल.

सर्वांत घातक मात्र धूर न दिसणारी शेगडी. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांचा शेक देतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शेक देताना खिडकी उघडी ठेवावी, झोपण्याआधी शेगडी खोलीबाहेर न्यावी. डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली तर आई-बाळाला आधी मोकळ्या हवेत आणून लगेच दवाखान्यात न्यावे.