पार्श्वभूमी : अमेरिकेतल्या गरीब लॅटिना आया आणि बाळंतपणातलं नैराश्य

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या गरीब लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) बायकांच्या बाळंतपणाकडे अमेरिकी संशोधक बरीच वर्षं नवलानं पाहत होते. हाती पैसा नाही, विमा नाही, तरी बाळांची वजनं चांगली! 1986 मध्ये मार्किडीस आणि कोरील या संशोधकांनी या समाजाच्या आरोग्याचं वर्णन 'विरोधाभास' असं केलं आणि तो शब्द रुळला. बाळ ठणठणीत आहे म्हटल्यावर आईच्या मनाची चौकशी मागेच राहिली.

ती करायला 1987 मध्ये बाळंतिणीचं नैराश्य ओळखणारी एडिनबर्गची प्रश्नावली आली. गेल्या 7 दिवसांबद्दल 10 प्रश्न, शेवटचा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल. पुढे ती स्पॅनिशमध्येही आली. पण दवाखान्यात दुभाषी नसेल आणि थोरली मुलगीच आईचं म्हणणं डॉक्टरांना सांगत असेल, तर त्या दहाव्या प्रश्नाला आई खरं उत्तर कसं देणार?

कायद्यांनी अडचणीत भरच घातली. 1996 च्या कायद्यानं, रीतसर आलेल्यांपैकीही बहुतेकांना मेडिकेड या सरकारी विम्यासाठी 5 वर्षं थांबवलं. कागदपत्रं नसलेल्यांना प्रसूतीसारखे तातडीचे उपचार तेवढे मिळत. गरोदर म्हणून मिळालेला विमा प्रसूतीनंतर साधारण 60 दिवसांनी संपे. नैराश्य मात्र त्यानंतरही गाठतं. 1993 च्या कायद्यानं दिलेली 12 आठवड्यांची रजा बिनपगारी, शिवाय लहान मालकांना ती बंधनकारक नाही. घरकाम करणारीला तिचा काय उपयोग? या समाजाची रूढी 'क्वारेंतेना' म्हणजे बाळंतिणीची 40 दिवसांची विश्रांती, आपल्या सव्वा महिन्यासारखीच. पण आई-बहिणी सीमेपलीकडे राहिल्या, तर ती पाळायला घरात हवं कोण?

सॅन फ्रान्सिस्कोत मूळचे पेरूचे मानसशास्त्रज्ञ रिकार्डो मुन्योस आणि सहकाऱ्यांनी 'मामास इ बेबेस' (आया आणि बाळं) हा गटवर्ग घडवला. आजार जडण्याआधीच विचार, दिनक्रम आणि माणसांची सोबत सावरायला तो शिकवतो. वॉशिंग्टन परिसरातल्या लॅटिना गरोदर बायकांवर झालेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणं कमी झाली, पण प्रसूतीनंतर तो फरक टिकला नाही. मला हे फार बोलकं वाटतं. भाडं, पाळणाघर, पोलिसांची धास्ती यांवर वर्गात उत्तर नसतं. तरीही 2019 मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानं जोखीम असलेल्या बायकांना असं समुपदेशन द्यावं, अशी शिफारस केली, हे मोठं पाऊल होतं.

एप्रिल 2022 पासून राज्यांना मेडिकेड प्रसूतीनंतर 12 महिने चालू ठेवण्याची मुभा मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. कागदपत्रं नसलेल्या आईला मात्र अनेक राज्यांत प्रसूतीनंतर असं संरक्षण नाही.