पॅड चिकटलंय की चावी जाम झालीय?

क्लॅरिनेटची चावी अडायला लागली की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. जरा थांबा. दोष पॅडचा, म्हणजे चावीखालच्या भोक झाकणाऱ्या मऊ गादीचा असेल तर तेलाने तो वाढतोच.

बोटाला दोन्ही दुखणी सारखीच वाटतात: चावी उशिरा हलते, सूर मागे राहतो. पण पॅड चिकटतं ते भोकाच्या काठाला. चावी जाम होते ती बिजागरीत, म्हणजे दोन खांबांमधल्या नळीत, आतल्या दांड्यावर किंवा टोकांच्या अणकुचीदार स्क्रूवर.

रीड (तोंडाशी थरथरणारी पातळ पट्टी) काढून ठेवा आणि चावी अगदी सावकाश दाबा. चिकटलेलं पॅड ‘टच्’ असा बारीक आवाज करून सुटतं आणि पुढे चावी मोकळी पळते. जाम चावी गुपचूप असते. ती पूर्ण टप्पाभर जड चालते आणि परतताना तर जास्तच, कारण तेव्हा जोर लावायला बोट नसतं, फक्त स्प्रिंग असते.

तरी खात्री होत नसेल तर पॅड आणि भोक यांच्यामध्ये कोरड्या पातळ कागदाचा कपटा ठेवून चावी चालवा. अडणं गेलं तर दोष पॅडचा. कागद असूनही जड चालली तर बिजागरी तपासा. सुईसारखी स्प्रिंग असलेल्या चावीची आणखी एक परीक्षा आहे: क्रोशाच्या सुईने स्प्रिंग खाचेतून सोडवा आणि वाद्य तिरपं करा. निरोगी चावी स्वतःच्या वजनाने खाली पडते, जाम चावी मध्येच लटकते. पट्टीची स्प्रिंग चावीलाच स्क्रूने बसवलेली असते, तिथे ही युक्ती चालत नाही.

पॅड चिकटण्याचा उगम बहुधा तोंडात असतो. सोलापुरात लग्नसराई भर उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे, आणि वरातीआधी उसाचा रस नाहीतर गोड चहा ठरलेला. ती साखर लाळेबरोबर नळीत उतरते आणि भोकांच्या काठावर वाळते. विश्रांतीला बंदच राहणाऱ्या चाव्या आधी धरतात: रजिस्टर चावी (सूर उंच नेणारी), आणि वरचा ए व जी शार्प या सुरांच्या. उपाय सोपा आहे. गोंदाची पट्टी कापून टाकलेला सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवा, चावी हलकेच मिटा, उघडा आणि मगच कागद काढा. तीन-चारदा करा. मिटलेल्या चावीखालून कागद ओढला तर पॅडवरचं पातळ कातडं फाटतं. मग भोकाचा काठ किंचित ओल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडा करा. टाल्कम पावडर नको; ती ओल धरून लगदा होते. आणि वाजवण्याआधी पाण्याने चूळ भरा.

बिजागरीची कारणं जास्त, म्हणून तिथे क्रम पाळावा. आधी वरचा आणि खालचा सांधा, म्हणजे नळीचे दोन भाग, वेगळे करा. तेवढ्याने चावी मोकळी झाली तर दोन सांध्यांना जोडणारी पुलाची चावी वाकली आहे. अंधारात घाईघाईने, चाव्यांवर मूठ आवळून वाद्य जोडलं की हेच होतं. नाहीतर अणकुचीदार स्क्रू पाव फेरा सैल करून बघा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खांब किंचित सरकतात किंवा फिरतात आणि आधी नीट चालणारी लांब चावी अडकू लागते. फिरलेला खांब पकडीने सरळ करायच्या फंदात पडू नका, ते काम कारागिराचं.

तरीही जड असेल तर स्क्रू किंवा दांडा काढा. काळा चिकट थर दिसला तर जुनं तेल घट्ट झालंय. खोबरेल घातलेलं असेल तर हमखास. यंत्रमागाच्या कारखान्यांजवळ हवेतली सुताची बारीक रुई या तेलावर बसते आणि नळीत बोळा तयार होतो. पेट्रोलजन्य सफाई द्रवात बुडवलेल्या काडीने नळी आतून पुसा (विस्तवापासून दूर, आणि द्रव लाकडाला व पॅडला लागू न देता). दांडा काचेवर लोळवा. डुलत लोळला तर वाकलाय. सरळ असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा एक थेंब द्या, चावी दहा-बारा वेळा हलवा आणि बाहेर आलेलं तेल लगेच टिपून घ्या.

चावी ओढ न घेता अलगद लोंबत असेल तर दोन्हीपैकी काही नाही, स्प्रिंग निसटली आहे.

कधी दोन्ही दुखणी एकाच चावीत भेटतात: बिजागरीत ओतलेलं जास्तीचं तेल चावीच्या दांडीवरून ओघळत पॅडपर्यंत जातं. असं तेल प्यालेलं पॅड कागदाने सुधारत नाही, बदलावंच लागतं.