मोटारीला घरच्या घरी हेडलाईट बसवणे

गाडीबरोबर आलेला मूळ हेडलाईट काढून त्या जागी बाजारातून आणलेला बल्ब किंवा काचेसह अख्खा संच मालकाने स्वतः बसवण्याचे काम. गाळपाच्या हंगामात रात्री उसाची, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर आलेल्या माणसाला जास्त उजेड का हवासा वाटतो, हे समजावून सांगावे लागत नाही. ही गरज खरी आहे. मात्र हेडलाईटचे खरे काम उजेड पाडण्याइतकेच तो अडवण्याचेही आहे, आणि घरी केलेल्या कामात नेमके हेच मागे पडते.

भारतात वर्षानुवर्षे सर्वाधिक चाललेला बल्ब म्हणजे मागे जोडणीची तीन पाती असलेला एच४ हा हॅलोजन बल्ब. त्यात दोन तारा असतात : अप्परची (लांबच्या झोताची) ६० वॅटची आणि डिपरची (खाली वळवलेल्या झोताची) ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. या वाटीमुळे तारेचा उजेड परावर्तकाच्या, म्हणजे बल्बामागच्या चकचकीत वाटोळ्या भागाच्या, फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. भिंतीवर पाहिल्यास उजेडाला वरून स्पष्ट धार दिसते. आपण डावीकडून गाडी चालवत असल्याने ही धार उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे, साईडपट्टीच्या बाजूला, थोडी वर चढते. अमेरिका-युरोपातील गाड्यांसाठी बनवलेला संच हौसेने बसवला, तर उजेड नेमका समोरच्याच्या अंगावर जातो.

परावर्तकाचा आकार तारेची जागा मिलीमीटरने मोजून ठरवलेला असतो. त्यात एचआयडी, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारा बल्ब घातला की प्रकाशाचा उगम बदलतो आणि उजेड चहूकडे सांडतो. चालकाला पुढचा रस्ता लख्ख दिसतो, समोरच्याला काहीच दिसत नाही. एलईडी बल्बांपैकी ज्यांच्या चिप जुन्या तारेच्या जागीच, डाव्या-उजव्या अंगाला येतात, ते त्यातल्या त्यात बरे. त्यांच्या मागच्या पंख्याला जागा अपुरी पडली की रबरी टोपी नीट बसत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते.

खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पॉलीकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडली असेल, तर नवा बल्बही मिणमिणताच वाटेल. दुसरी गोष्ट वायरिंगची. हॅलोजनला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) १० टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. जुन्या गाडीत बारीक वायर आणि झिजलेल्या स्विचमधून येता येता दाब एवढा सहज पडतो. अशा गाडीला रिलेची, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची, जाड वायरिंग घातली, तर मूळचाच बल्ब नव्यासारखा पेटतो. जास्त वॅटच्या बल्बापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर खेचतात, तर १०० वॅटचे दोन जवळपास १७. हा भार जुन्या वायरिंगवर टाकला की आधी प्लास्टिकचा होल्डर वितळतो.

बसवताना पहिले काम म्हणजे दिवे थंड होऊ देऊन बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवणे. बऱ्याच गाड्यांत त्याला १० चा पाना लागतो. मग होल्डर सरळ मागे ओढायचा, रबरी टोपी काढायची आणि बल्ब धरून ठेवणारी तारेची क्लिप आत दाबून बाजूला सरकवायची. बॅटरीच्या बाजूला हात जेमतेम जातो, डोळ्यांना काही दिसत नाही, क्लिप बोटांनीच चाचपावी लागते. बल्बाच्या चकतीवरचे तीन कान सारखे नसल्याने तो एकाच तऱ्हेने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नये, फिरवून पाहावा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये; त्वचेचा तेलकटपणा चिकटला की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. अख्खा संच बदलायचा असेल, तर अलीकडच्या अनेक गाड्यांत आधी बंपर उतरवावा लागतो. त्याच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या उन्हाने कडक झालेल्या असतात, म्हणून चार-पाच जास्तीच्या आणून ठेवाव्यात.

रिलेच्या जोडणीत ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीतून फ्यूजमार्गे करंट द्यायचा. ८७ वरून तो दिव्याकडे जातो. ८५ आणि ८६ पैकी एकाला जुन्या होल्डरमधून इशारा, दुसऱ्याला अर्थिंग. डिपर आणि अप्परला वेगवेगळे रिले लागतात. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही.

दिवे पेटले म्हणजे काम झाले असे समजून बहुतेक जण बॉनेट लावतात. खरे महत्त्वाचे काम इथून पुढे आहे. टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी एकाला बसवून, गाडी सपाट जमिनीवर भिंतीसमोर १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने दाखवावी आणि तिच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी पट्टी लावावी. डिपरची धार या खालच्या पट्टीवर यायला हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये १० मीटर मिळत नसतील, तर ५ मीटरवर ५ सेंटीमीटर. एका वेळी एकच दिवा पाहावा, दुसऱ्यापुढे पुठ्ठा धरावा. संचाच्या मागे दोन स्क्रू असतात : एक वर-खाली करणारा, दुसरा डावी-उजवीकडे. जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवरचा दिवा असा लावला की धार ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. तोच फक्त १ अंश वर राहिला, तर ५० मीटरवर धार जवळपास १ मीटर उंचीवर येते, म्हणजे सायकलवाल्याच्या कमरेपर्यंत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ हेच मापात सांगतो : दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झळाळी लागता कामा नये. हे तपासायला यंत्र लागत नाही. आठ मीटरवर जाऊन, दीड मीटर उंचीवर डोळे येतील असे वाकून, आपल्याच गाडीकडे पाहावे.

मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत गावाकडचे धान्य असले, की गाडीचे नाक वर होते आणि नीट लावलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० पासूनचे आकडे असलेले छोटे चाक असते. ते ० वर ठेवूनच भिंतीवरचे माप घ्यावे, आणि भरल्या गाडीत आकडा वाढवून दिवा खाली आणावा.