बिनतारी संवेदक जाळ्यातील स्थाननिश्चिती

बिनतारी संवेदक जाळ्यातील प्रत्येक नोड, म्हणजे मोजमाप करून ते रेडिओने पाठविणारे छोटे उपकरण, नेमका कोठे आहे हे ठरविण्याच्या प्रक्रियेस स्थाननिश्चिती म्हणतात. जमिनीतील ओल किंवा उताराचा कल मोजणाऱ्या नोडने पाठविलेला आकडा कोणत्या जागेचा आहे हे माहीत नसेल, तर तो वाया जातो. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. तशा डोंगरउतारावर कोणती वाडी आधी हलवायची, हे स्थान कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

प्रत्येक नोडला जीपीएस बसविणे महाग पडते, बॅटरी लवकर उतरते आणि दाट झाडीत उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. म्हणून मोजक्या आधारनोडांचे स्थान आधी पक्के करून उरलेल्यांचे स्थान त्यांच्यापासूनच्या अंतरांवरून काढतात. संकेताच्या तीव्रतेवरून अंतर काढणे सर्वांत स्वस्त. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांश होते. मात्र पावसाळ्यात भिजलेली पाने संकेत शोषतात व जवळचा नोड दूर भासतो, त्यामुळे मे महिन्यात बसविलेले गणित श्रावणात चुकते. संकेताच्या प्रवासाला लागलेल्या वेळेवरूनही अंतर निघते, पण रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जात असल्याने घड्याळे अत्यंत काटेकोरपणे जुळवावी लागतात.

सपाटीवर स्थान निःसंदिग्ध ठरण्यासाठी एका रेषेत नसलेले किमान तीन आधारनोड लागतात. कोकणच्या चिंचोळ्या पट्टीत ही अट सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. लोहमार्गाच्या सरळ तुकड्यालगत ओळीने कितीही आधारनोड बसविले, तरी डोंगराच्या अंगाला ४० मीटरवर असलेला नोड आणि त्याच्या बरोबर समोर, समुद्राच्या अंगाला तितक्याच अंतरावर असलेला नोड यांची सर्व अंतरे सारखीच येतात. ओळीबाहेर, वर उतारावर बसविलेला एकच आधारनोड हा घोळ मिटवितो. उंचीही काढायची असेल, तर एका प्रतलात नसलेले चार आधारनोड हवेत.

अंतर न मोजता, एका नोडकडून दुसऱ्याकडे जाणारा संदेश किती टप्प्यांत पोहोचला एवढ्यावरूनही अंदाज बांधता येतो. खाडीच्या दोन तीरांवरील नोडांमधला संदेश वळसा घालून जातो, तेथे मात्र ही पद्धत प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त अंतर दाखविते.

तीव्रतेवर आधारलेल्या स्थानात काही मीटरांची चूक सहज राहते, तर दरड सुटण्यापूर्वी जमीन अनेकदा काही सेंटिमीटरच सरकते. त्यामुळे जमिनीची हालचाल टिपण्याचे काम कलमापकासारख्या उपकरणांवर आणि जमिनीतील पाण्याचा दाब टिपण्याचे काम भूजलदाबमापकावर सोपवावे लागते.