२,१४,७४,८३,६४७ : आपल्या हिशेबात अडथळा ठरलेल्या मूळ संख्येविषयी

आदरणीय ग्राहकहो,

सोलापुरातील चादर व टॉवेल व्यवसायातील आमच्या काही ग्राहकांना बिलिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत वार्षिक उलाढालीची बेरीज अचानक उणे झालेली दिसली. जुनी आवृत्ती रक्कम पैशांत, ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक मावेल एवढी जागा) जागेत साठवत असे. त्यातील एक बिट चिन्हासाठी राखीव असतो आणि उरलेल्या ३१ ठिकाणी १ हा अंक भरला की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या तयार होते. म्हणजे २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे येथे मर्यादा संपते आणि आणखी एक पैसा मिळवताच बेरीज उणे होते. एवढी उलाढाल आपल्या व्यवसायात सहज होते, हे आम्ही आधीच लक्षात घ्यायला हवे होते.

ही संख्या २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळते आणि ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळायची असेल, तर घातांक स्वतः मूळ असावाच लागतो. परंतु तेवढे पुरत नाही, कारण ११ मूळ असूनही २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारे २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ होय. म्हणून प्रत्येक घातांक स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

३१ साठी ही तपासणी स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी केली व त्यांचा निष्कर्ष १७७२ साली प्रसिद्ध झाला. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० पेक्षा किंचित मोठे असून त्याखाली साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. त्या साऱ्यांनी भागून पाहण्याची गरज मात्र नव्हती. हिला भागणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येला ६२ ने भागले असता बाकी १ आणि ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ उरलीच पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात आणि त्या चारशेच्याही आत आहेत. संगणक नसताना, केवळ विचाराच्या बळावर काम इतके कमी करता आले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते.

बेरीज मोडण्याचे कारण मात्र संख्येचे मूळ असणे नव्हे, तर जागेचा अपुरेपणा आहे. नव्या आवृत्तीत आम्ही ६४ बिटांची जागा वापरली असून तेथील १९ अंकी मर्यादा ७ ने भागली जाते, कारण ६३ हा घातांक मूळ नसून ३ ने भागला जातो; हिशेबाला त्याने काहीही बाधा येत नाही.

तारखांच्या नोंदीही याच आवृत्तीत बदलल्या आहेत. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी याच संख्येवर पोहोचतील. नवी आवृत्ती विनामूल्य आहे. ती बसवण्यापूर्वी आपल्या जुन्या नोंदींची प्रत कृपया पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.