एसिन्ह जावास्क्रिप्टमध्ये इतक्या उशिरा का आलं?

एसिन्ह (asinh) म्हणजे व्यस्त हायपरबोलिक साइन हे गणिती फलन. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा लिहिली, तेव्हा मॅथ ऑब्जेक्ट (गणिती फलनांचा संच) जावा भाषेच्या मॅथवरून उचलला. त्या जावात हायपरबोलिक फलनं नव्हती, म्हणून ती इथेही आली नाहीत. सी भाषेलाही व्यस्त हायपरबोलिक फलनं १९९९च्या प्रमाणकातच मिळाली.

गरज मात्र होती. वेबवरच्या नकाशांत अक्षांशावरून टाइलची (नकाशाच्या चौकोनी तुकड्याची) ओळ काढायला एसिन्ह(टॅन(अक्षांश)) लागतं. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश, आधी त्याचे रेडियन करायचे (इथेच निम्मे लोक चुकतात). एसिन्ह येतं ०.३२९. त्याला पायने भागा, १मधून वजा करा, निम्मं करा. झूम १०ला नकाशात १०२४ ओळी असतात, म्हणून १०२४ने गुणलं की ४५८.३८, म्हणजे ४५८वी ओळ.

फलन तयार नसल्यामुळे जो तो पाठ्यपुस्तकातलं सूत्र हाताने लिहायचा: लॉग(क्ष + वर्गमूळ(क्ष² + १)), लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. कागदावर ते बिनचूक आहे. पण क्ष = −१ अब्ज द्या. वर्ग १०चा १८वा घात. त्यात मिळवलेला १ दुहेरी अचूकतेच्या (जावास्क्रिप्ट संख्या ठेवते त्या पद्धतीच्या) ५३ बिटांत मावत नाही, म्हणून वर्गमूळ नेमकं १ अब्ज येतं, बेरीज शून्य आणि लॉग उणे अनंत. खरं उत्तर −२१.४१६. उलट टोकाला, क्ष = १०चा −१७वा घात दिला की सरळ ० मिळतो. १०च्या २००व्या घाताचा तर वर्गच अनंतात जातो, खरं उत्तर ४६१.२१ असताना.

सन कंपनीच्या एफडीलिबएम (fdlibm) या जुन्या सी संग्रहात यावर उपाय होता: निरपेक्ष किंमत घेऊन शेवटी चिन्ह लावायचं, २च्या २८व्या घातापुढे लॉग(क्ष) + लॉग(२), फार लहान क्ष तसाच परत, आणि लहान किमतींना लॉग१पी, म्हणजे लॉग(१ + क्ष) अचूक काढणारं फलन.

जून २०१५च्या ईएस६ या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात एसिन्ह आणि तिची भावंडं एकॉश (व्यस्त हायपरबोलिक कोसाइन), एटॅन्ह (व्यस्त हायपरबोलिक टॅन्जंट) तिन्ही आली. फायरफॉक्स २५ आणि क्रोम ३८मध्ये ती त्याआधीच होती. इंटरनेट एक्सप्लोररला शेवटपर्यंत मिळाली नाहीत. एकॉशला १पेक्षा लहान संख्या दिली तर एनएएन (NaN, ‘संख्या नाही’) येतं, एटॅन्ह(१) अनंत. प्रमाणक एफडीलिबएमची शिफारस करतं, सक्ती नाही. त्यामुळे शेवटचा अंक ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट इंजिनागणिक बदलू शकतो, आणि ब्राउझर ओळखणाऱ्या स्क्रिप्ट नेमका तोच फरक टिपतात.